पोरगा दारू सोडेल तेव्हा सोडेल, तोवर आई-बापानं काय करायचं?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशातल्या लेकी माहेरी येतात. झोके, गौराईची गाणी, सांजोऱ्या, आमरस. तीन वर्षांपूर्वी मीही गेले होते. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव. रात्री जेवणं आटोपली, झोक्यावरच्या पोरी पांगल्या, तरी माय ओट्यावरून उठेना. "झोपत का नाहीस?" असं विचारलं, तर म्हणाली, "गाडीचा आवाज ऐकू दे."

माझा भाऊ तेव्हा ३४ वर्षांचा होता. त्याची मोटरसायकल फाट्यावरून गावाकडे वळली की मायला नुसत्या आवाजावरून कळायचं, आज किती झाली आहे. आवाज एकसारखा आला, तर ती त्याचं ताट झाकून ठेवायची आणि आत जाऊन पडायची. आवाज मध्येच तुटला किंवा गिअर खरखरला, की पायात चप्पल सरकवून रस्त्यावर यायची. पाच वर्षं ती अशी झोपत होती. ब्लडप्रेशरची गोळी दोनदा वाढवून झाली होती. घरी येणारा प्रत्येक माणूस भावाची चौकशी करायचा. मायला कुणी विचारत नव्हतं, आणि त्यात मीही आले.

हा लेख अशा आई-वडिलांसाठी आहे. वाढलेला, मिशी फुटलेला, कधी लेकरांचा बाप झालेला मुलगा दारूत बुडालाय, आणि "तो ऐकतच नाही तर आम्ही काय करणार" असं म्हणत जे घराचं दार लावून बसलेत, त्यांच्यासाठी. (मुलगीही पिते, पण आपल्याकडे ते अजून जास्त झाकलं जातं. पुढचं सगळं तिलाही तितकंच लागू आहे.) मला जे सांगायचंय ते एवढंच: मुलगा उपचाराला तयार नसला, तरी मदत आई-वडिलांपासून सुरू करता येते. त्यासाठी त्याच्या होकाराची वाट बघावी लागत नाही.

सवय आणि आजार

आधी एक गैरसमज बाजूला करू. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे मोहाची दारू देवाला चढते, लग्नकार्यात वाटली जाते. ती रीत आहे. एखादा माणूस सणावाराला पितो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतो, त्याच्याबद्दल आपण बोलत नाही आहोत. व्यसन म्हणजे ठरवूनही थांबता न येणं. पूर्वी जेवढ्यात भागायचं तेवढ्यात आता न भागणं. नाही मिळाली तर हात थरथरणं, घाम सुटणं. नोकरी, शेत, लेकरं, तब्येत सगळं घसरत चाललंय हे दिसत असूनही पीत राहणं. डॉक्टर याला दारूचं अवलंबित्व म्हणतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ते आहे.

हे एकट्यादुकट्याचं दुखणं नाही. केंद्र सरकारनं दिल्लीच्या एम्समार्फत देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ साली आला. त्यानुसार भारतात सुमारे २.९ कोटी माणसं दारूवर अवलंबून आहेत. आणि अशा ३८ जणांमागे जेमतेम एकाला कुठलातरी उपचार मिळालेला होता. उरलेले सदतीस कुठे असतात? आपल्या घरात असतात, आणि त्यांचा दवाखाना म्हणजे त्यांची आई.

मेंदूत काय होतं ते मी माझ्या वडिलांना, नानांना, बैलाच्या कासऱ्यावरून सांगितलं होतं. दारू मेंदूला शांत करते, म्हणजे कासरा मागे खेचून धरते. रोज कुणी कासरा खेचून धरला, तर बैल जास्त जोर लावून पुढे ओढायला शिकतो. तेव्हा कुठे गाडी नेहमीच्या चालीनं चालते. तसाच मेंदूही रोजच्या दारूला सरावतो आणि उलट्या बाजूनं जोर लावून ठेवतो. म्हणून जुना पिणारा क्वार्टर पिऊनही सरळ चालताना दिसतो आणि लोक म्हणतात, "याला चढतच नाही." चढत नाही हे चांगलं लक्षण नव्हे. आणि एके दिवशी कासरा एकदम सुटला, तर बैल उधळतो. ते उधळणं काय असतं, ते पुढे येईलच.

"आमचं कुठं चुकलं?" हा प्रश्न प्रत्येक आई-बाप विचारतो. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून दिसलंय की या आजारात साधारण निम्मा वाटा अनुवंशाचा असतो. उरलेल्यात किती लहान वयात सुरुवात झाली, संगत कशी, दारू किती सहज मिळते, मनात आधीपासून उदासी किंवा भीती आहे का, असं बरंच काही येतं. आईनं लाड केले म्हणून किंवा बापानं मारलं म्हणून, असं एका ओळीचं उत्तर निघत नाही. अल-अ‍ॅनॉन ही पिणाऱ्यांच्या नातेवाइकांची संघटना अमेरिकेत १९५१ साली सुरू झाली. तिथे नव्यानं आलेल्याला तीन गोष्टी सांगतात: हे तुमच्यामुळे झालेलं नाही, ते तुमच्या ताब्यात नाही, आणि तुम्ही एकट्यानं ते बरं करू शकणार नाही. नानांना यातली पहिली पटायला वर्ष लागलं.

एकदम बंद करायला लावू नका

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण इथे जीव जातो.

आपल्याकडे दारू सोडायचा सगळ्यात आदराचा मार्ग म्हणजे माळ घालणं. मुक्ताईनगरला किंवा पंढरपूरला जाऊन गळ्यात तुळशीची माळ घातली आणि आयुष्यभर पाळली, अशी माणसं प्रत्येक गावात आहेत. त्या श्रद्धेचं बळ मोठं आहे आणि त्याला मी हात जोडते. पण जो माणूस सकाळी उठल्या उठल्या पितो, वर्षानुवर्षं रोज पितो, त्याचं शरीर शपथ जाणत नाही.

अशा माणसाची दारू एकदम थांबली, तर पहिल्या दिवशीच हात थरथरतात, घाम येतो, उलट्या होतात, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. भिंतीवर मुंग्या दिसतात, खाटेखाली साप दिसतो, मेलेला आजोबा हाका मारतो. ताप चढतो, छाती धडधडते, आपण कुठे आहोत हे कळत नाही. गावात लगेच म्हणतात, "बाहेरचं लागलं," आणि त्याला भगताकडे नेतात. ती बाधा नसते. तो उधळलेला मेंदू असतो आणि त्याला त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात न्यायचं असतं. १०८ ला फोन करा. उपचार न मिळाल्यास या अवस्थेत माणसं दगावतात.

डॉक्टरच्या देखरेखीखाली हेच बहुतेकदा सुखरूप पार पडतं. मेंदू शांत ठेवणारी गोळी सुरुवातीला पुरेशी देतात आणि थोड्याच दिवसांत कमी करत बंद करतात. सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात. दारूमुळे ते शरीरात फार कमी झालेलं असतं. इथे घरच्यांच्या हातून एक चूक नेहमी होते. लाजेपोटी आपण दवाखान्यात सांगतो, "अशक्तपणा आलाय, एखादी सलाईन लावा." दारूचं नाव काढत नाही. बी-१ न देता नुसत्या ग्लुकोजची सलाईन गेली, तर अशा रुग्णाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्यामुळे केसपेपर काढतानाच सांगून टाका, "रोज पितो, इतकी पितो, शेवटची अमुक वाजता प्यायला." डॉक्टरसमोर अब्रू जात नसते.

भिंतीवरची जाहिरात

एसटीतून जाताना भिंतीवर रंगवलेलं दिसतं: न कळत द्या, दारू सुटेल. डाळीत कालवा, चहात टाका. माझ्या मायनंही एक पुडी आणली होती. त्यात काय होतं हे आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही.

डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. ते घेतलेल्या माणसानं दारू घेतली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, ब्लडप्रेशर पडतं. कधी जीवही जातो. ते द्यायचं तर माणसाला पूर्ण माहिती देऊन, त्याच्या संमतीनं, यकृत आणि हृदय तपासून. माहीत नसलेला माणूस त्याच संध्याकाळी नेहमीसारखा प्यायला, तर काय होईल? आणि वाचला आणि त्याला कळलं, तर तो आईच्या हातचं जेवण पुन्हा विश्वासानं खाईल का? दारूची ओढ कमी करणारी दुसरी औषधंही आहेत, नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट. मानसोपचारतज्ज्ञाला त्यांच्याबद्दल विचारा. पुडी मात्र आणू नका.

झाकणं म्हणजे आधार नव्हे

भाऊ हंगामात जिनिंगमध्ये कामाला जायचा. ज्या दिवशी उठता यायचं नाही, त्या दिवशी माय मुकादमाला फोन करायची: "त्याला ताप भरलाय." टपरीवाल्याची आणि गुत्त्यावरची उधारी नाना भरायचे, कारण चारचौघांत कुणी नाव काढलं तर घराण्याची शोभा जाते. मोटरसायकलचा थकलेला हप्ता मी भरला होता, गुपचूप, दोनदा. आम्हा तिघांनाही वाटत होतं की आपण त्याला सांभाळतोय. खरं तर दारूचं बिल आम्ही वाटून घेतलं होतं आणि त्याच्या वाट्याला त्यातलं काहीच येत नव्हतं.

म्हणून पोराला घराबाहेर काढायचं का? नाही. इथे दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, आईचं काळीज आहे, सोसा. दुसरा म्हणतो, हाकलून द्या, अक्कल येईल. मला दोन्ही चुकीचे वाटतात. सोसत राहिलं की काहीच बदलत नाही, आणि हाकललेला माणूस पुलाखाली सापडतो.

मधली वाट अशी: माणसाला धरायचं आणि दारूचा खर्च सोडायचा. जेवण द्या, दवाखान्यात न्या, औषधाचे पैसे थेट मेडिकलवाल्याला द्या. रोख हातात देऊ नका. उधारी भरू नका. त्याच्या वतीनं खोटं बोलू नका. "तो आज येणार नाही, का ते त्यालाच विचारा" एवढं मुकादमाला सांगितलं, तर ते खोटंही नाही आणि चहाडीही नाही. रात्री ताट झाकून ठेवा, पण बारापर्यंत जागून गरम भाकरी टाकू नका. झिंगलेल्या माणसाशी वाद घालू नका. त्याला त्यातलं सकाळी काही आठवणार नाही आणि तुम्हाला सगळं आठवेल.

शब्द कसे वापरायचे, ते नानांकडून शिकण्यासारखं आहे. पूर्वी ते म्हणायचे, "उद्यापासून प्यायला तर तंगडं तोडीन." तंगडं काही तोडायचं नव्हतं, आणि ते भावालाही माहीत होतं. मग एका सकाळी, तो शुद्धीवर असताना, ते म्हणाले, "तुझी दारूची उधारी आजपासून मी देणार नाही. दवाखान्याला जायचं असेल, तर रात्री दोनलाही उठव." या दोन वाक्यांत भावानं काय करावं याबद्दल काहीच नाही. नाना स्वतः काय करणार आणि काय नाही, तेवढंच आहे. जे पाळता येईल तेवढंच बोलावं.

आणि हे पाळणं सोपं नाही. पहिल्या महिन्यात नानांनी दोनदा शब्द मोडला. टपरीवाला दारात येऊन मोठ्यानं बोलायला लागला की त्यांचा हात खिशात जायचाच. असं झालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करायची. एक लक्षात असू द्या, नवा नियम लागला की आधी तमाशा वाढतो. शिव्या, रुसवा, "मी मरतो मग तुम्हाला कळेल." आई-वडील इथेच मोडतात आणि मुलगा शिकतो की जास्त ओरडलं की मिळतं. (मरण्याची भाषा मात्र धमकी म्हणून सोडून देऊ नये. त्याबद्दल पुढे लिहिलंय.)

बोलायचं कधी आणि कसं

१९९९ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचाराला साफ नकार देणाऱ्या पिणाऱ्यांचे १३० नातेवाईक त्यांनी घेतले आणि तीन प्रकारची मदत दिली. पहिला प्रकार म्हणजे अल-अ‍ॅनॉनची वाट. दुसऱ्यात सगळ्या कुटुंबानं मिळून पिणाऱ्याला समोर बसवून जाब विचारायचा. तिसऱ्यात, ज्याला क्राफ्ट म्हणतात, घरात रोज कसं वागायचं आणि बोलायचं हे नातेवाइकांना शिकवायचं. पहिल्या प्रकारात १३ टक्के पिणारे उपचाराला आले, दुसऱ्यात ३० टक्के आणि तिसऱ्यात ६४ टक्के. अल-अ‍ॅनॉनला कमी लेखायचं कारण नाही, पिणाऱ्याला उपचाराला आणणं हा तिचा हेतूच नसतो. नातेवाइकांचं स्वतःचं मन मात्र तिन्ही गटांत सारखंच सुधारलं. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गोष्ट ही: मदत घेणारे नातेवाईक आई-वडील असले, तर उपचाराला येणाऱ्यांचं प्रमाण नवरा-बायकोपेक्षा जास्त होतं. त्यासाठी सरासरी चार ते सहा बैठका पुरल्या होत्या.

या पद्धतीचं सार आपल्या घरात कसं दिसतं? ज्या दिवशी तो प्यायलेला नाही, त्या दिवशी घरात त्याला बरं वाटलं पाहिजे. त्याच्या आवडीची शेवभाजी त्या दिवशी करायची. शेतात त्याच्यासोबत पाणी धरायला जायचं, नातवाचा अभ्यास त्याच्याकडे द्यायचा. प्यायलेला आला की भांडायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, पण जवळ बसायचंही नाही, शांतपणे आपल्या खोलीत जायचं. आपण बहुतेक उलटं करतो. न प्यायलेल्या दिवशी मागचे हिशेब काढतो आणि प्यायलेल्या रात्री त्याची सरबराई करतो.

उपचाराचा विषय काढायला एक वेळ साधावी लागते. तो शुद्धीवर आहे, आणि दारूमुळे काहीतरी नुकतंच हातचं गेलंय किंवा शरीर दुखावलंय, अशी वेळ. आमच्याकडे ती एका सकाळी आली. गाडीवरून पडून गुडघा सोललेला, चहाचा कप दोन्ही हातांनी धरूनही सांडत होता. मायनं गुडघ्यावर हळद लावली आणि आमच्या अहिराणीत एवढंच म्हणाली, "भाऊ, रातले माले झोप उनी नही. डाक्टरकडे जाऊत का? मी संगे येस." रात्री मला झोप आली नाही, डॉक्टरकडे जाऊ का, मी सोबत येते. दारू हा शब्दही तिनं उच्चारला नाही. "तू असा आहेस, तू तसा आहेस" नाही, मागच्या पाच वर्षांची उजळणी नाही. तो लगेच हो म्हणाला असं नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला.

हो आल्यावर चार दिवस शोधाशोध करण्यात गेले, तर तो हो विझतो. म्हणून आधीच ठरवून ठेवा कुठे न्यायचं, कोणत्या वारी तपासणी असते, कोण सोबत येणार, कागद कोणते लागतात. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, तिथे मानसोपचार विभागात चौकशी करता येते. पुण्याचं मुक्तांगण डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं. तिथे व्यसनी माणसासोबत घरच्यांनाही उपचारात धरतात.

केंद्र निवडताना डोळे उघडे ठेवा. "आम्ही उचलून नेतो, सहा महिने तुम्ही भेटायचं नाही" असं कुणी म्हणालं, तर तिथून निघा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये दारूच्या व्यसनाशी जोडलेल्या मानसिक स्थितीही येतात, आणि रुग्णाला साखळीनं बांधायला या कायद्यानं पूर्ण बंदी आहे. सज्ञान माणसाला निव्वळ आई-वडील म्हणतात म्हणून कोंडता येत नाही. जिवाला धोका असेल, किंवा स्वतःची काळजीच घेता येत नसेल अशी गंभीर अवस्था असेल, तर नातेवाइकाच्या अर्जावर आणि मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर सुरुवातीला ३० दिवसांपर्यंत दाखल करून घेता येतं. केंद्राला नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतो का, पहिल्या आठवड्यात फीट आली तर काय व्यवस्था आहे, हे तोंडावर विचारा.

"लग्न लावून द्या, सुधरेल"

आम्ही लावून दिलं. मुलगी पाहायला मीच गेले होते आणि तिच्या आई-वडिलांना दारूचं सांगितलं नाही. वहिनी चार वर्षांनी लेकराला घेऊन माहेरी गेली. सासर-माहेरच्या बायका तिलाच म्हणायच्या, "तुला नवरा धरून ठेवता आला नाही." ज्याला जन्मदाते धरू शकले नाहीत, त्याला परघरची पोर कशी धरणार? लग्न हा दारूवरचा उपचार नाही. ते आणखी एका माणसाला त्या ओट्यावर आणून बसवणं आहे. याहून जास्त मला यावर लिहवत नाही.

पैसा, सातबारा आणि मार

कापूस विकल्याची किंवा केळीची रक्कम व्यापाऱ्याकडून कोण आणतं, हे घरात ठरवून घ्या. ती थेट वडिलांच्या खात्यात जाऊ द्या. एटीएमचा पिन बदला. डाळीच्या डब्यात पैसे लपवू नका, ती जागा त्याला लहानपणापासून माहीत आहे.

"जमीन नावावर करा, मग जबाबदारी येईल" या आग्रहाला घाईनं बळी पडू नका. बक्षीसपत्र केलंच, तर आई-वडिलांचा सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ आणि कल्याण कायदा २००७ मध्ये आला. त्याच्या कलम २३ नुसार अशी अट असेल आणि ती मोडली, तर ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. हा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे होतो. तिथेच निर्वाहभत्ताही मागता येतो, कायद्यात त्याची मर्यादा दरमहा १०,००० रुपये लिहिलेली आहे.

मुलगा हात उचलत असेल तर ते घरचं भांडण राहत नाही. ११२ ला फोन करा. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा फक्त सुनेसाठी नाही, आईलाही मुलाविरुद्ध त्यात संरक्षण मागता येतं. अशा घरात शेजारच्या एका माणसाला आधी सांगून ठेवा, निघायचं झालं तर कुठे जायचं ते ठरवा, कागदपत्रं एका पिशवीत ठेवा. आईनं पोलिसांना बोलावलं म्हणून ती कमी आई होत नाही.

आणि एक काम हा लेख बाजूला ठेवून आधी करा: फवारणीचं औषध कुलपात घाला, किल्ली स्वतःजवळ ठेवा, किंवा घरात ठेवूच नका. दारूत मन अंधारतं आणि हात आवरत नाही. कपाशीच्या गावांत विष हाताच्या अंतरावर असतं. बऱ्याचदा तो झटका थोड्या वेळाचा असतो आणि तेवढ्यात डबा हाताशी नसला, तर माणूस वाचतो. मरणाची भाषा आली तर सरळ विचारा, "जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला, तर त्याला एकटं सोडू नका आणि दवाखाना गाठा.

पुन्हा प्यायला तर

बहुतेक जण एकदा तरी पुन्हा पितात. केंद्रात याला स्लिप म्हणतात. भाऊ आठ महिने कोरडा होता, पोळ्याच्या संध्याकाळी प्यायला. नाना म्हणाले, सगळं पाण्यात गेलं. पाण्यात गेलेलं नसतं. आठ महिन्यांत मेंदू आणि यकृत जेवढं सावरलं, ते सावरलंच. अशा वेळी शिक्षा देण्याऐवजी दोन-तीन दिवसांत पुन्हा डॉक्टरसमोर नेणं कामी येतं. कुठे घसरलो, कोणासोबत, त्याआधी काय झालं होतं, हे तिथे बोललं जातं. भाऊ त्यानंतर आणखी एकदा घसरला. आज प्यायलेला नाही. उद्याचं मी लिहू शकत नाही.

माय-बापाचा स्वतःचा आधार

लोकांना कळेल या भीतीनं नानांनी दोन वर्षं लग्नकार्याला जाणं बंद केलं होतं. गावाला सगळं ठाऊक होतंच. एकटे फक्त ते पडले होते. सगळ्यांना सांगायची गरज नाही, पण एका माणसाला पूर्ण खरं सांगा. भाऊबंदकीत चघळलं जाणार असेल तर नात्याबाहेरचा माणूस बघा. स्वतःची शुगर-बीपी तपासा, हरिपाठाला जात असाल तर ते सोडू नका, मुलीच्या घरी चार दिवस राहायला जा. या काळात तो जास्त पिईल म्हणून घराला बांधून घेऊ नका. तुम्ही घरी होतात तेव्हाही तो पीतच होता. अल-अ‍ॅनॉनच्या सभेत नाव-गाव सांगावं लागत नाही. जवळ सभा नसेल, तर फोनवर मदत मिळते. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे आणि वयस्कर आई-वडिलांसाठी एल्डरलाइन १४५६७.

त्या आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मी १४४१६ लावला आणि फोन मायच्या हातात दिला. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मन्हा पोऱ्या वाईट नही शे." पलीकडच्या बाईंनी ते ऐकून घेतलं. नंतर विचारलं, "आणि तुम्ही कशा आहात? रात्री झोप लागते का?" मायनं माझ्याकडे पाहिलं, ओट्याच्या कडेला सरकून बसली, आणि त्यांना गाडीच्या आवाजाचं सांगायला लागली.